अंजनीच्या रानातली ओ

आक्का, परवा चाळीखाली तुझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी गॅलरीत उभी होते, आणि क्षणभर मला कळेचना, ही यमुनाबाई कोण. ‘यमुनाबाई अमर रहे’ असं दोनतीनशे माणसं घसा फोडून ओरडत होती. मी तुला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. थोरल्या बहिणीचं नाव घेतलं तर जीभ झडते, असं तूच मला शिकवलं होतंस, वर एक धपाटाही घातला होतास. आता सगळा लालबाग तुझं नाव घेतो आणि कुणाची जीभ झडत नाही. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

चाळ कमिटीचे तात्या दोनदा येऊन गेले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. सभेत वाचायला चार ओळी लिहून द्या. जन्म कुठला, गिरणीत कुठल्या खात्यात होत्या, मुंबईसाठी रक्त कसं सांडलं. जरा जोरात येऊ द्या." मी हो म्हणाले. तीन संध्याकाळी कागद पुढ्यात घेऊन बसले, पण ‘वायंडिंग खात्यात’ याच्या पुढे पेन सरकेना. तात्या भला माणूस आहे. पण त्यांना हवी असलेली यमुनाबाई मला ठाऊक नाही आणि मला ठाऊक असलेली आक्का सभेत वाचता येण्यासारखी नाही. म्हणून हे तुलाच लिहिते आहे. तात्यांचं मग बघू.

आणखी एक कारण झालं. काल भाऊच्या धक्क्यावरून सुकट घेऊन येणारी मावशी आतेचा निरोप घेऊन आली. टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "अंजनीला कळे धरलेत म्हनं. पन शकूला सांग, यंदा येऊ नको." मी विचारलं, का? तर म्हणाली, "मला काय ठावं बाय, सांगितलं त्ये सांगितलं," आणि सुकट मापायला लागली. मी सुकट घेतली. ती तशीच पडली आहे, कुणाला करायचं सुचलेलं नाही.

आतेनं मला येऊ नको म्हणावं! आईबाप गेल्यावर आपल्याला पोसलं ती हीच आते, बापाची बहीण. मी पाच वर्षांची, तू चौदाची. दोन वर्षांनी तुझं लग्न झालं आणि तू मला पाटावरूनच बरोबर घेऊन आलीस. भावोजी अजून सांगतात, "लोकांक हुंडो मिळता, माका मेव्हणी गावली." दहा बाय बाराच्या खोलीत नवं जोडपं आणि मधे मी, परकराला नाक पुसणारी. तुला पुढे मूल झालं नाही. चाळीतल्या बायका नवस सुचवायच्या, तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचीस, "ही एक सांभाळतेय ती बास नाय?" सकाळी गिरणीत जायचीस, संध्याकाळी माझे पाढे घ्यायचीस, जे तुला स्वतःला बारापर्यंतच येत होते. तेराच्या पाढ्याला मी काहीही ठोकून द्यायची आणि तू "शाब्बास" म्हणायचीस.

आणि दर वर्षी शिमगा झाला की पहिल्या रविवारी सकाळच्या लाँचनं आपण आतेकडे जायचो. वर्षातला तो एकच दिवस तू स्वतःसाठी ठेवला होतास. पलीकडे उतरल्यावर खाजणाच्या बांधावरून दीड कोस चालणं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भात कापून गेलेली शेतं, त्यात मधे मधे वालाचे हिरवे तुकडे. वाल काढायचे दिवस असायचे. बायका वाकून वेल उपटत असायच्या आणि तू प्रत्येकीशी बोलायला थांबायचीस. यंदा वाल किती झाला, सून नांदते का, म्हैस व्याली का. मी पुढे जाऊन उन्हात ताटकळत उभी. पांगाऱ्याला पान नसायचं, नुसती लाल फुलं आणि त्यावर कावळ्यांचं भांडण. तू चपला हातात घेऊन चालायचीस. गिरणीत दिवसभर फरशीवर उभं राहून पायांना माती विसरायला होते, म्हणायचीस.

आतेच्या घरामागून वाट टेकडीच्या पायथ्याशी जायची, आणि तिथं ते रान. आईचं रान. आत कुठेतरी शेंदूर लावलेला एक दगड, तीच आई. बाकी सगळी अंजनीची झाडं. एरवी त्या झाडाकडे कुणी ढुंकून बघणार नाही. जाड काळपट पानं, वेडीवाकडी खोडं, आणि लाकूड इतकं चिवट की कुऱ्हाडीची धार जाते. पण शिमग्याच्या सुमारास आठ दिवस त्या काळ्या फांद्यांना, अगदी सालीला चिकटून, निळ्या फुलांचे झुपके येतात. कपड्यांना घालायच्या निळीची पुडी रानावर उधळावी तसं दिसतं. वर निळं, आणि गळलेल्या फुलांनी खालीही निळं. वर्षभर पांढरं सूत बघून आलेली तू तिथं तोंड उघडं टाकून उभी राहायचीस. मला तुझी गंमत वाटायची.

रानात जायचे नियम आतेनं आपल्याला लहानपणीच घोकून घेतले होते. पायताण बाहेर. पानसुद्धा तोडायचं नाही. आणि आत कुणाला हाक मारायची नाही. चुकामूक झाली तर दोन टाळ्या वाजवायच्या, दुसरीनं दोन टाळ्यांनी जबाब द्यायचा. का, असं मी विचारलं की आते आवाज बारीक करून सांगायची, "ज्यानं रानात काय मोडलं, त्याला रान वाट चुकवतं, आनि त्याच्याच तोंडनं हाक मारवतं. त्या हाकेला जो ओ देईल, त्याच्या माथी समदं जातं. कुनीच ओ नाय दिली तं ज्यानं मोडलं त्याचंच त्याच्यापाशी ऱ्हातं. माथी बसलं त्याला फुडचा भर, फुडच्या शिमग्याची फुलं, दिसत नाय. म्हून ओ द्यायची नाय. पोटचं पोर असलं तरी नाय." आपण दोघी हेच ऐकत मोठ्या झालो. तू त्यावर विश्वास ठेवलास आणि मी ट्रेनिंग कॉलेजात गेले.

आता गेल्या वर्षीचा तो रविवार. आक्का, हे मी तुला सांगितलेलं नाही. म्हणजे अर्धं तुला ठाऊक आहे आणि अर्धं मी लपवलं.

त्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. सगळी गिरणीवाल्यांची मुलं. झाड म्हणून त्यांनी बघितलेला तो गिरणीच्या फाटकातला पिंपळ, तोही धुरानं काळा झालेला. निसर्गपाठात मी म्हटलं, निळं फूल काढा. एकानं शाईचा डाग काढला आणि वर नाव घातलं, निळं फूल. मला हसू आलं, मग रडू आलं, मग राग आला. त्या रागातच ठरवलं की यंदा अंजनीची एक डहाळी आणायची आणि मुलांच्या हातात द्यायची. लाँचमध्ये तुला सांगितलं.

"हाताएवढी एक डहाळी नेईन, आक्का."

"नाय गो."

"चाळीस पोरांनी बघायची आहे. माझ्यासाठी मागत नाही."

"मग चाळीस पोरांना हितं घेऊन ये. रानातनं काय भायेर जात नाय."

"दगडाला कळणार आहे का?"

"दगडाला नाय कळत. आईला कळतं," म्हणालीस आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसलीस. मी पण तोंड फिरवलं. दोघी बहिणी एका फळीवर बसून दोन दिशांना बघत चाललोय, हे बघून समोरचा कोळी हसत होता.

बांधावर तू नेहमीसारखी थांबलीस, बोललीस, एकीनं दिलेल्या वालाच्या शेंगा ओटीत घेतल्यास. माझ्याशी मात्र शब्द नाही. आतेकडे पोचलो तर तिनं बसायलाही सांगितलं नाही. पाणी दिलं आणि म्हणाली, "जाऊ नका आज. यवढा भर बरा नाय. तुमची आय गेली त्या सालाला असाच आलेला." मी तुझ्याकडे बघून नाक मुरडलं. तू म्हणालीस, "एवढ्या लांबनं आलोय तर हात जोडून येतो." आते काठी टेकत रानाच्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच बसून राहिली.

खरंच, तसा बहर मी कधी पाहिला नव्हता. पानं दिसत नव्हती. डोळ्यांना तो निळा रंग सोसेना. आणि आवाज नव्हता. दर वर्षी मधमाश्यांची नुसती गुणगुण असायची, त्या दिवशी एक माशी नव्हती. फुलं गळत होती तीही आवाज न करता, आणि ती थांबत नव्हती. तू पुढे दगडाकडे गेलीस. मी मुद्दाम मागे राहिले.

डहाळी मोडायला दोन मिनिटं पुरतील अशी माझी समजूत होती. अंजनीचं लाकूड, ते कसलं मोडतंय! वाकवली, पिळली, दातसुद्धा लावले. साल सोलून निघाली, आत पांढरं दिसायला लागलं, तरी सुटेना. एवढ्यात तुझ्या दोन टाळ्या ऐकू आल्या. माझे दोन्ही हात गुंतलेले. मी जबाब दिला नाही. परत दोन टाळ्या आल्या, जरा घाईच्या. मी दात खाऊन एक हिसका दिला आणि डहाळी सुटली, तिचा आवाज एवढा मोठा झाला की मी दचकले. पटकन पिशवीत कोंबली, वरून रुमाल टाकला आणि वळले.

वळले तर वाट नव्हती. सगळीकडे तीच खोडं, तेच निळं. ज्या बाजूनं आले असं वाटलं तिकडे गेले, तर करवंदीची जाळी आडवी. दुसरीकडे गेले तर तीच सोललेली फांदी परत समोर. मी टाळ्या वाजवल्या. काही नाही. पुन्हा वाजवल्या. तळहात ओले झाले होते, आवाजच निघेना. आक्का, मी शिकलेली बाई, रोज चाळीस मुलांना ओरडून गप्प करणारी, पण सैरावैरा धावत सुटले. आपण एवढ्याशा रानात वाट कशी चुकलो, हा विचार मनात येताच आतेचं ते बोलणं आठवलं, आणि ते पुरतं आठवायच्या आत तोंडातून गेलंच. "आक्का! आक्का! आक्का गं!"

मग जरा वेळ सगळं गप्प होतं. फार नाही, दोन श्वास घ्यावेत एवढा वेळ.

आणि तुझी ओ आली. दबकी नाही, चोरटी नाही. चाळीत नळावरून द्यायचीस तशी भरल्या गळ्याची. "ओ! हितं हाय मी. जागची हलू नको." आणि डावीकडच्या खोडामागून तू आलीस, अगदी जवळून. माझं तोंड पदरानं पुसलंस, केसांतली फुलं काढलीस. मी हुंदके देत होते. तू म्हणालीस, "चल, आते वाट बघतेय," आणि माझा हात धरून सरळ बाहेर काढलंस. बाहेर आल्यावर तू वळलीस आणि रानाकडे हात जोडून उभी राहिलीस. बराच वेळ. माझं रडं थांबलं तरी तू उभीच.

आते रानाच्या तोंडाशी होती. तिनं ओ ऐकली होती. तोंडावर हात ठेवून तुझ्याकडे बघत होती, आणि मी जवळ गेले तर माझ्याकडे बघितलंच नाही. ताटं वाढून चुलीपाशी जाऊन बसली. निघताना दर वेळी धक्क्यापर्यंत येते, ती दारातूनच आत गेली. बांधावर मी तुला म्हटलं, "ओ दिलीस ना गं? आता?" तू म्हणालीस, "कधी? मी तर खोकले." मी हसले. मला तेव्हा तुझा विनोद आवडला.

भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर मी हळूच पिशवीत बघितलं. एक फूल शिल्लक नव्हतं. सगळी गळून तळाला काळी पडली होती आणि हातात नुसती काडी. ती मी धक्क्याच्या पाण्यात टाकली. मुलांना दुसऱ्या दिवशी फळ्यावर निळ्या खडूनं फूल काढून दाखवलं. तुला डहाळीचं कळलं नाही, एवढंच काय ते माझं समाधान.

त्यानंतरचे दहा महिने आता मी रोज नव्यानं बघते आहे. वैशाखात लोणचं घातलंस ते नेहमीच्या अर्ध्या बरणीत. मी म्हटलं, एवढंसं? तू म्हणालीस, "दोघांना पुष्कळ झालं." मी म्हटलं, तिघं आहोत आपण, बारापुढे येत नाही तुला. तू हसलीस. मग भावोजींना स्वयंपाक शिकवायचं खूळ घेतलंस. खात्यातून दमून आलेला माणूस, त्याला स्टोव्हपाशी बसवून भाताला आधण कधी, पेज कधी, सोलकढीला मीठ किती. ते कुरकुरायचे, "ह्या वयात माका खानावळ काढूची हा काय?" तू म्हणायचीस, शिका म्हटलं की शिका. गौरीपुढे सवाष्णी धरतात ते ओवशाचं सूप माझ्या हातात दिलंस आणि शेजारी उभी राहून सगळं करून घेतलंस, मी चुकले की पुन्हा. मी वैतागून विचारलं, "काय गं, निघालीस की काय कुठं?" तर म्हणालीस, "तुझ्या लग्नानंतर कोण शिकवील तुला? तुझी सासू?"

दिवाळीत नाक्यावरच्या फोटोवाल्याकडे गेलीस. जांभळी जरीकाठी नेसून, एकटीच. मी म्हटलं मी पण येते फोटोत, तर मला बाजूला केलंस. तोच फोटो परवा मोर्चात पुढे होता, हार घातलेला.

आणि मी? मी मानत नव्हते. तरी महिने मोजत होते. तुला साधा ताप आला तर रात्रभर जागायची आणि सकाळी तुझ्यावरच खेकसायची. पुढच्या शिमग्याला अंजनी एकदा फुलली, तू ती डोळ्यांनी बघितलीस, की सुटलो, असा माझा हिशेब होता, आणि तो मी स्वतःलाही मोठ्यानं सांगत नव्हते.

बाहेरही सगळं बिघडतच चाललं होतं. पावसाळा सरल्यावर राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, मुंबई वेगळी ठेवायची, आणि गिरणगावाचं डोकं फिरलं. भिंतीभिंतीवर गेरूनं लिहिलेलं, संध्याकाळ झाली की मैदानातून भोंग्यांचा आवाज. तू सुटीच्या दिवशी सभेला जायचीस, बायकांच्या मोर्चातही गेलीस. आपलं भांडण त्यावरूनही झालं. मी म्हटलं, "मुंबई महाराष्ट्रात आली की तुझी बोबिनं आपोआप भरणार आहेत का?" तू म्हणालीस, "नाय भरणार. पन भरतेय कोण, मीच ना? मग गाव कुणाचं हे सांगायला दुसरा कशाला पायजे?" मी म्हटलं, तुझी भाकरी करपतेय. आज कबूल करते, तुझं बरोबर होतं.

पौषात मग ते दिवस आले. कर्फ्यू लागला, रस्त्यावर काचा, टायरांचा धूर, दारं बंद. खालून पळणाऱ्या पायांचा आवाज यायचा आणि मागून पोलिसांच्या गोळ्यांचे आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा शांत झालं. तू म्हणालीस, चादरी वाळल्या असतील, घेऊन येते. मी म्हटलं थांब जरा, मी येते. मग स्टोव्हवरचं दूध वर आलं म्हणून मी तो बारीक करायला वाकले. बाहेर काहीतरी पितळेचं पडल्यासारखा आवाज झाला. मी आले तर तू भिंतीला टेकून खाली बसली होतीस, मांडीवर चादर, घडी अर्धी घातलेली. मला वाटलं चक्कर आली. मी तुला हाक मारली. तू ओ दिली नाहीस.

सभेत सांगणार आहेत की तू गॅलरीतून घोषणा देत होतीस. मी तात्यांना सांगितलं, ती चादर काढत होती. ते म्हणाले, "बाई, चादरीचं काय सांगायचं लोकांना?"

आज सकाळी भावोजींनी चहा केला. आता चांगला करतात. मी त्यांना आतेचा निरोप सांगितला. ते कप विसळायला उठले. आणि मला राहवेना. एवढे दिवस दातांमागे धरून ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "भावोजी, आक्का त्या दिवशी रानात माझ्या हाकेला ओ देऊन बसली, ते मी घाबरले होते म्हणून. पण मी आधी डहाळी मोडली होती. ते तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तर..."

"तिका ठावक होता," भावोजी म्हणाले.

मी माझा कप खाली ठेवला.

"त्याच सांजेक माका सांगल्यान. तू फांदी पिळत होतंस तेव्हा ती झाडामागे दहा पावलांर उभी होती. रानात बोलूचा नाय, म्हणान तिणा टाळ्यो मारल्यान. सोड म्हणान. तू आयकूक नाय." त्यांनी टॉवेलनं नाक पुसलं. "मगे तू वाट चुकलंस. ती थयच उभी. म्हणाली, ‘शकूनं मोडलं, आता रान तिच्या तोंडनं हाक मारतंय. मी गप ऱ्हायले तर तिचं तिच्यापाशी ऱ्हातंय. तिचं अजून समदं व्हायचंय.’ म्हणान ओ दिल्यान. मी म्हटलंय, गो खुळ्या, असा कित्याक केलंस? तर हसली. माका इचारल्यान, ‘तुम्हाला भात लावता येतो का?’"

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले.

"तिणा शपथ घातल्यान. म्हणाली, पोर स्वतःक खात बसात."

आक्का, गोळीनं माणूस मरतं. रानातली कसली आई लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर येत नाही, हे मी उद्याही माझ्या वर्गाला सांगेन, आणि खरं तेच सांगेन. मी मानत नाही. पण तू मानत होतीस, पुरतं मानत होतीस, आणि मी जिला दोन श्वासांची शांतता समजले त्यात तू खोडामागे उभी राहून माझं मरण स्वतःकडे घेत होतीस. नंतर बांधावर थट्टा केलीस. एकदा तरी माझा कान धरून विचारायचंस, शकू, मोडलीस ना? मी सांगितलं असतं. भांडले असते, रडले असते, सगळं थोतांड आहे म्हणून तुझ्या गळ्यात पडून शंभरदा सांगितलं असतं. तुला पटलं नसतं, पण ते दिवस तू एकटीनं काढले नसतेस. दहा महिने तू मरायची तयारी करत होतीस, आणि मी तुझ्या शेजारी तुझीच गोधडी ओढून झोपत होते.